विनिअरचा फुगा बसवला तरी परत उठतो: सरसाच्या कामातला दोष कसा शोधायचा

विनिअर म्हणजे फळीवर चिकटवलेलं खऱ्या लाकडाचं पातळ पान. आधी लक्षणं सांगतो. यातलं एखादं तुमच्या टेबलावर, साइडबोर्डवर किंवा कपाटाच्या दारावर दिसत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- मधेच फुगा आलाय. नखानं टकटक केलं की आजूबाजूला ठस आवाज येतो आणि फुग्यावर पापड वाजवल्यासारखा.
- कडेला विनिअर सुटलंय. पुसताना फडक्याचे धागे तिथं अडकतात.
- विनिअरच्या दोन पानांमधला जोड उघडलाय आणि फटीत खालचं लाकूड दिसतंय.
- एकाच दिशेनं जाणाऱ्या, केसासारख्या बारीक भेगा पडल्यात.
- अख्खी फळी कौलासारखी वाकलीय.
- फुगा एकदा बसवला होता, वर पॉलिशही झालं, आणि पुढच्या पावसाळ्यात तो त्याच जागी उठला.

या शेवटच्या तक्रारीसाठी माझ्याकडं सगळ्यात जास्त लोक येतात. मी सांगलीत जुनं लाकडी सामान दुरुस्त करतो, आधी वडील करायचे. गणपती उठले की आठवड्याभरात फोन सुरू होतात. घरातला जुना शिसवी साइडबोर्ड हीच बऱ्याच ठिकाणी गणपतीची जागा असते. दहा दिवस त्याच्यावर ओल्या दुर्वा, फुलं, सांडलेलं तीर्थ आणि शेजारी तासन् तास तेवणारी समई. त्या विनिअरखाली सरस आहे आणि सरसाला ओल आणि ऊब एकत्र मिळाली की तो सैल होतो.

सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून काढलेला चिकट पदार्थ. कातड्यातलं कोलॅजेन पाण्यात शिजवून तो बनतो. बाजारात तो दाण्यांच्या किंवा पापुद्र्यांच्या रूपात मिळतो. थंड पाण्यात भिजवला की फुगतो, गरम केला की पातळ होतो, निवला की खरवसासारखा थरथरीत घट्ट होतो आणि वाळला की काचेसारखा कडक. पुन्हा ओल आणि ऊब दिली की पुन्हा मऊ. म्हणूनच मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांच्या जुन्या कारागिरांना तो प्रिय होता. वाद्याची तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) कधी ना कधी उघडावी लागते आणि सरसाचा सांधा लाकूड न फाडता सुटतो. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या जुन्या हातांचं देणं आहे.) आपल्या फुग्याची दुरुस्तीही याच गुणावर उभी आहे. बहुतेक फुग्यांत आतला सरस अजून कामाचा असतो, त्याला नुसतं जागं करायचं असतं. लोक ते न करता थेट सुईनं पांढरा गम (फेव्हिकॉलसारखा) भरतात आणि सोपं काम अवघड करून ठेवतात.

आता तपासण्या, बिनखर्चाच्या आधी.

१. खडू घ्या आणि नकाशा काढा

लागतो तो एक खडू आणि पाच मिनिटं. पंखा, टीव्ही बंद करा. नखानं किंवा पेन्सिलीच्या मागच्या टोकानं सगळा पृष्ठभाग चार-चार बोटांवर वाजवत जा. जिथं पोकळ वाजतं तिथं खडूनं कड आखा. डोळ्यांना एक फुगा दिसत असतो आणि खडू तीन दाखवतो, असं नेहमी होतं.

आकारावरून निम्मं निदान होतं. सुटे गोल फुगे म्हणजे तिथं मुळात सरस कमी पडला होता किंवा नीट दाबला गेला नव्हता. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं लांबट, सरळ पट्टा असेल तर खालच्या फळीचा सांधा किंवा भेग हललीय. फक्त कडाच सुटल्या असतील तर ओल्या फडक्यानं पुसणं किंवा फरशी धुतानाचं पाणी. खालची सहा इंच पट्टी सगळीकडं सारखी पोकळ असेल तर तिथवर कधीतरी पाणी चढलं होतं.

खडूचा एक फोटो काढून ठेवा. दुरुस्तीनंतर परत वाजवायचं आहे आणि महिन्यानंतरही.

२. जागा बघा

फुग्यावर काय ठेवलं जातं, मागची भिंत ओलसर आहे का, दुपारचं ऊन थेट येतं का, वर एसीचा झोत आहे का. हे कारण तसंच राहिलं तर कितीही चांगली दुरुस्ती पुढच्या वर्षी उठणार. सामान भिंतीपासून चार इंच पुढं ओढा, वरचं सगळं काढा आणि पंधरा दिवस थांबा. नुसत्या ओलीनं उठलेला छोटा फुगा कधी कधी अर्धा बसतो. पूर्ण चिकटत नाही, पण विनिअर सुकून मूळ मापाला येतं आणि पुढचं काम सोपं होतं.

गाव बदललं असेल तर तेही विचारात घ्या. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. महाबळेश्वरच्या बंगल्यात पन्नास वर्षं राहिलेलं टेबल माणमधल्या दहिवडीला नेलं की पहिल्या उन्हाळ्यात फळी आक्रसते आणि जोड उघडतात. ते टेबल किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा नव्या जागी काढू द्या, मग हात लावा.

३. आत खरंच सरस आहे का

हे पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका. फळीच्या खाली, ड्रॉवरच्या आत किंवा सुटलेल्या कडेत जुन्या चिकटाचा ओघळ शोधा. त्यावर कोमट पाण्याचा एक थेंब ठेवून पाच-सात मिनिटांनी बोट लावा. बोटाला चिकटपणा आला, चिमटीत धरून ओढल्यावर तार आली, तर सरस आहे. ओघळ पांढुरका आणि रबरासारखा झाला तर तो पांढरा गम. काहीच झालं नाही, तपकिरी कडक पापुद्रा तसाच राहिला, तर कारखान्यातलं रेझिन. ते ऊब आणि पाणी देऊन परत चिकटत नाही, त्यामुळं चौथी तपासणी त्याला लागू नाही.

पांढरा गम निघाला तर मला वाईट वाटतं, कारण तो कुणीतरी चांगल्या हेतूनं भरलेला असतो. त्याच्या थरावर सरस धरत नाही. गम लाकडाच्या छिद्रांत शिरतो आणि सरसाला लाकूडच लागू देत नाही. तो पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवं काही टिकत नाही. विश्रामबागेतल्या एका घरचा साइडबोर्ड तीन वर्षांत तीनदा उठला होता. चौथ्या वेळी माझ्याकडं आला तेव्हा फुग्यात गमाचे तीन थर होते, कांद्याच्या पापुद्र्यासारखे वेगळे. ते काढायला दोन दिवस गेले. नंतरचं चिकटवणं वीस मिनिटांचं होतं.

४. ऊब देऊन बघा

सरस आहे अशी खात्री झाली की घरची इस्त्री काढा. त्याआधी एक गोष्ट स्वीकारा: वरचं चपड्याचं (लाखेचं) पॉलिश पांढरं पडेल किंवा विरघळेल. जुन्या सामानावर बहुधा चपडाच असतो. तेवढ्या जागेचं पॉलिश परत करावं लागेल हे धरूनच चाला, नाहीतर इथंच थांबा.

सुती फडकं कोमट पाण्यात बुडवून कच्चून पिळा. ते फुग्यावर ठेवा. इस्त्री रेशमी कापडाच्या खुणेवर, वाफ बंद. दहा-पंधरा सेकंद टेकवा, उचला, परत टेकवा. कोरड्या उष्णतेनं जुना सरस हलत नाही, विनिअर मात्र जळतं आणि तडकतं. ओल आत झिरपायला वेळ द्यायचा, म्हणून घाई न करता चार-पाच वेळा. मग फडकं बाजूला करून बोटानं दाबा. फुगा खाली जाऊन क्षणभर तिथंच राहिला, तर आतला सरस जागा झालाय.

आता दाबायचा हातोडा. नावाला हातोडा, यानं ठोकायचं नसतं. लाकडी मुठीला पितळेची बोथट पट्टी बसवलेली असते आणि तिनं रेटायचं असतं, मधून कडेकडं, नागमोडी, रेषांच्या अंगानं. घरी नसेल तर गुळगुळीत लाकडी ठोकळ्याची गोल केलेली कड चालते. लगेच वर बटर पेपर, त्यावर सपाट फळी आणि तिच्यावर पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार. २० किलो वजन फुकटात मिळतं. रात्रभर हलवू नका. सरस निवल्यावर धरतो खरा, पण वाळायला त्याला पूर्ण दिवस लागतो.

दुसऱ्या दिवशी वाजवून बघा. दहापैकी सहा-सात फुगे माझ्या हाताखाली इथंच संपतात. नव्या सरसाचा एक थेंबही लागत नाही.

५. बसला नाही तर चीर

फुगा दाबला की खाली जातो पण हात काढला की वर येतो, याचा अर्थ आत सरसच उरलेला नाही. आता नवा घालावा लागेल.

आधी फुग्यावर कोमट ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा. कोरडं विनिअर उचलायला गेलं की बिस्किटासारखं तुटतं, ओलं झालेलं वाकतं. मग नव्या धारदार ब्लेडनं रेषांच्या बरोबर दिशेत, थोडी तिरकी चीर द्या. रेषांना आडवी चीर कधीच लपत नाही, पाच हातांवरून दिसते. चीर फुग्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुढं नको.

पातळ पात्यानं एक ओठ उचला आणि आत फुंकर मारा. मला तिथं बहुतेक वेळा तपकिरी पीठ दिसतं, तो मेलेला सरस. तो पात्यानं खरवडून, कोमट पाण्याच्या ब्रशनं पुसून काढा. मग गरम पात्यावर गरम सरस घेऊन एका ओठाखाली सारा, नंतर दुसऱ्या. पातं निवलं की सरस त्यालाच गोळा होऊन बसतो, म्हणून ते गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यायचं, दरवेळी. फुग्याच्या टोकांकडून चिरेकडं दाबत या म्हणजे जास्तीचा सरस चिरेतून बाहेर येईल. तो गरम ओल्या फडक्यानं लगेच टिपा.

ओठ एकमेकांवर चढले तर घाबरू नका. विनिअर ओलं होऊन ताणलंय. जार ठेवून एक दिवस जाऊ द्या, बऱ्याचदा ते आक्रसून आपल्या जागी बसतात. तरीही चढलेलेच राहिले तर दोन्ही थरांतून एकदम ब्लेड फिरवून केसाएवढी पट्टी काढावी लागते. हात बसलेला नसेल तर ते दुसऱ्याकडून करून घ्या.

६. तुमचा सरसच बिघडलाय का

हे नवं विनिअर लावणाऱ्यांसाठी. काम तुम्हीच केलंय आणि महिन्याभरात फुगे आलेत, तर लाकडाला दोष देण्याआधी भांडं तपासा. माझ्याकडं शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाचा पहिला बिघाड इथलाच होता.

तापमान ६० ते ६५ अंश सेल्सिअस. भांड्यात पाणी, त्यात सरसाचं भांडं, थेट ज्योत कधी नाही. ७० च्या पुढं गेला की सरसाच्या लांब साखळ्या तुटायला लागतात आणि ताकद कमी होते. उकळला असेल तर फेकून द्या. शंभर रुपयांचा थर्मामीटर घ्या. अंदाजावर वीस वर्षं काम करणारे चुकताना मी पाहिलेत.

प्रमाण वजनावर: एक भाग कोरडा सरस, दीड ते दोन भाग थंड पाणी. दाणे दोन तास, पापुद्रे रात्रभर भिजवायचे. योग्य पातळपणा ब्रशवरून ओळखता येतो. ब्रश उचलला की सरस न तुटता सलग धारेनं खाली आला पाहिजे. थेंब-थेंब पडला तर घट्ट आहे, पाण्यासारखा शिंपडला तर पातळ. मग एक थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चिमूट उघडमीट करा. लाडवाच्या पाकासारखी तार काही सेकंदांत यायला हवी. पाकाची तार ओळखणाऱ्या आईला किंवा काकूला दाखवा, ती बरोबर सांगेल.

एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उकाड्यात भिजवलेला सरस रात्रीत वास मारतो. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, घरच्यांना विचारून. रोज तापवत राहिलेलं भांडं आठवड्याभरात कमजोर होतं, म्हणून एका दिवसापुरताच भिजवा.

थंडीत उलटी अडचण. डिसेंबरच्या सकाळी साताऱ्यात फळी इतकी गार असते की सरस विनिअर टेकायच्या आत गोठतो. वरून सगळं चिकटलेलं दिसतं, प्रत्यक्षात ती खरवसाची वडी असते आणि महिन्यानं तीच फुगा बनते. फळी इस्त्रीनं किंवा उन्हात कोमट करून घ्या, खिडक्या लावा आणि डोक्यावरचा पंखा बंद करा. पंख्यानं किती विनिअर वाया गेलंय याची गणती नाही. पाकिटावर ताकदीचा आकडा असेल तर २५१ चा सरस लवकर गोठतो, १९२ चा जरा वेळ देतो. मोठ्या पृष्ठभागाला १९२ किंवा त्याखालचा घ्या.

गोठणं लांबवायला थोडा युरिया घालतात, हे खरं आहे. पण शेतातलं पोतं उघडू नका. २०१५ पासून आपल्याकडच्या खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि तेल सरसाचा शत्रू आहे. मी फळी कोमट करणं पसंत करतो, काही न घालता.

आणखी एक. देवघराचं काम असेल तर घरच्यांना आधी सांगा की सरस कातड्यापासून बनतो. कुणाला ते चालत नाही. त्यांचा मान ठेवून तिथं मी पांढरा गम वापरतो आणि तसं फळीच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवतो, पुढच्या दुरुस्ती करणाऱ्यासाठी.

७. खालची फळी

सगळ्यात महाग तपासणी शेवटी. फळीवर स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवा. मधे उजेड दिसला तर फळी वाकलीय. फक्त एका बाजूला विनिअर असेल तर हे होणारच. वाळताना सरस आणि विनिअर आक्रसतात आणि फळीला आपल्याकडं ओढतात. उपाय म्हणजे मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचं विनिअर. अखंड लाकडावर विनिअरच्या रेषा फळीच्या रेषांच्याच दिशेत हव्यात. आडव्या लावल्या तर फळी रुंदीत हलते, विनिअर हलत नाही आणि त्या बारीक भेगा पडतात. सरस कितीही चांगला असला तरी त्या थांबत नाहीत.

ओल मोजायचं यंत्र कुणाकडं मिळालं तर घ्या. आमच्याकडं घरातल्या सामानासाठी मी १० ते १२ टक्के धरतो. नवं सागवान असेल तर चिकटवण्याआधी त्याच दिवशी रंधा मारा, कारण सागाचं तेल पृष्ठभागावर येत राहतं. मग जाड पॉलिश पेपरनं खरबरीत करून पातळ सरसाचा एक हात देऊन वाळवा. तहानलेली फळी वरचा सरस पिऊन टाकते आणि सांध्यात काही उरत नाही.

पुरात बुडालेलं सामान

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा गावभागातल्या घरांतून आलेली कपाटं मी पाहिली. कित्येकांचं विनिअर पानासारखं सुटून तरंगत होतं. घरमालक ते चिखलासकट टाकायला निघाले होते. सरस विरघळला होता, पण शिसव शाबूत होती. एका कपाटाची सात पानं वाचली, कारण घरातल्या आजींनी ती चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली होती.

तुमच्यावर ही वेळ आली तर चिखल ओला असतानाच साध्या पाण्यानं धुवा. प्रत्येक पानाच्या मागं पेन्सिलीनं आकडा आणि वरची बाजू लिहा. वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून दोन सपाट फळ्यांमधे सावलीत ठेवा, कागद रोज बदला. उन्हात ठेवलेलं विनिअर दोन तासांत चकलीसारखं वळतं.

इथं थांबा आणि कारागीर बोलवा

- फुगा तळहातापेक्षा मोठा आहे, किंवा तीनपेक्षा जास्त आहेत.
- एकच जागा दोनदा दुरुस्त करूनही उठली. कारण फळीत किंवा आधी भरलेल्या गमात असतं, तिसऱ्यांदा इस्त्री लावू नका.
- आत पांढरा गम किंवा इन्स्टंट ग्लू भरलेला आहे.
- विनिअर घासून घासून इतकं पातळ झालंय की कडेला खालचं लाकूड झळकतंय. त्यावर पॉलिश पेपर फिरवला की ते संपलं.
- पितळ, शिंपला किंवा हस्तिदंत जडवलेलं आहे. प्रत्येक गोष्ट उष्णतेनं वेगळी हलते आणि इस्त्रीनं जडावकाम उडतं.
- टकटक केल्यावर बारीक पीठ गळतं किंवा मातीच्या रेघा दिसतात. आधी कीड नियंत्रणवाला, मग सुतार.
- वस्तू वाद्य आहे. सतार, तंबोरा, हार्मोनियम, काहीही असो, ते मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दाखवा. फर्निचरवाला सुतारही तिथं हात लावत नाही, मीही लावत नाही.

कारागीर येईपर्यंत फुग्यात काही भरू नका आणि वर चिकटपट्टी लावू नका, ती काढताना विनिअरचा तुकडा सोबत घेऊन येते. सुटलेला तुकडा पडला तर पाकिटात घालून पाकिटावर तो कुठून पडला ते लिहा. खडूचा फोटो, तिसऱ्या तपासणीचा निकाल आणि आधी कुणी काय भरलं होतं, एवढं फोनवरच सांगा.